कोतोतला रातकिडा

तोकुजी म्हातारबुवा हमामात्सूच्या वाद्यांच्या कारखान्यात आले ते आपली काचेची बरणी परत न्यायला. तिथे काम करणाऱ्या जावयाला, मासानोरीला, मात्र बरणीचा विषय जितका लांबणीवर पडेल तितका हवा होता.

"आधी ऐका तर, बाबा," मासानोरी म्हणाला आणि त्याने नव्या कीबोर्डची एक पट्टी दाबली.

कोतोची, त्या लांबट जपानी तंतुवाद्याची, तार छेडल्यासारखा स्वर उमटला आणि तो विरता विरता त्याच्या पोटातून रातकिडा गाऊ लागला. रिइइन, रिइइन. म्हातारबुवांचं तोंड उघडंच राहिलं.

"अहो, हा तर आमच्या घरचा!"

"तुमच्याच घरचा. तुम्ही बरणीतून दिलेत ना, त्यांचाच आवाज इथे रेकॉर्ड केला. सुरुवात कोतोची, पुढचं सगळं तुमच्या किड्याचं. दोन्हींचा सांधा जुळवायला महिना गेला."

"आणि मी गावभर सांगत होतो, पोरगी खेळणीवाल्याला दिली म्हणून! चुकलं हो जावईबापू." म्हातारबुवा हसले आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. "माझ्या फुमिएने हे किडे लग्नात माहेराहून आणले होते. चाळीस वर्षं त्यांचा वंश खुंटू दिला नाही आम्ही. ती गेल्यावर मी एकट्याने."

मासानोरीला ते ठाऊक होतं. म्हणून तर आठवडाभर तो हे सांगायचं टाळत होता.

"बाबा, किडे मेले. सगळे."

"मरणारच. ऑक्टोबर लागला, त्यांचं आयुष्यच तेवढं. अंडी आहेत ना मातीत! द्या ती बरणी. हिवाळाभर माती ओली ठेवली की उन्हाळ्यात पुन्हा गोकुळ."

मासानोरीने टेबलाखालून बरणी काढली. ती लख्ख धुतलेली होती.

"माती?" म्हातारबुवांनी विचारलं.

"मातीत त्यांचे पाय घासले की रेकॉर्डिंगमध्ये खरखर यायची. म्हणून पहिल्याच दिवशी फेकून दिली." त्याची मान वर होईना. "अंड्यांचं मला माहीत नव्हतं, बाबा. गेल्या आठवड्यात हिने सांगितलं. मला आवाज तेवढा स्वच्छ हवा होता."

म्हातारबुवांनी चार शिव्या हासडल्या असत्या तरी मासानोरीला बरं वाटलं असतं. पण त्यांनी बरणी उजेडात धरून पाहिली आणि हलकेच खाली ठेवली. मग वाकून, चाचपडत, त्यांनी तीच पट्टी दाबली. कोतो वाजली, विरली. रातकिडा गाऊ लागला.

"बोट उचललं की थांबतो का हो हा?"

"हो, बाबा."

म्हातारबुवांनी दुसऱ्या हाताने खुर्ची जवळ ओढली आणि बोट तसंच ठेवून ते बसले.