दिवसाआड चढणारी रेघ

आईबाबांच्या गच्चीवर सोलर पॅनेल आणि जिन्याखाली बॅटरी बसवून लेक आपल्या घरी परतली. तिकडे किती वीज खर्च होते, ते तिला आता मोबाइलवर आलेखाच्या रेघेत दिसायचं. दिवसाआड सकाळी ती रेघ एकदम उंच चढायची आणि जरा वेळाने खाली यायची. इस्त्री म्हणावी, तर कपडे बाहेर जातात. मिक्सर एवढी वीज खात नाही. आज लाइट गेलेली असतानाही रेघ चढली, तेव्हा तिला राहवेना. तिने फोन लावला.

"बाबा, बॅटरीवर एवढं काय चालवताय?"

"केस वाळवायचं मशीन."

"तुम्हाला तर टक्कल आहे."

"तुझ्या आईचे गं. तिचा हात आता डोक्यापर्यंत जात नाही. मीच धुतो, मीच वाळवतो."

मागून आईचा आवाज आला, "कशाला सांगितलंत तिला?"