स्नेहसंमेलनातलं लग्न

पाड्यावरच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात वारली लग्नगाणी हवीतच, हा मुख्याध्यापिका सरिताबाईंचा हट्ट. नवरा-नवरी म्हणून त्यांनी चौथीतली दोन पोरं उभी केली.

गाण्यांनी लग्नं लावणारी यमू धवलेरी खवळली. "मी गायले का लगीन लागतंच, बाई! लग्न झालेलं जोडपं आणा."

म्हादू आणि चांगुणा टुणकन उठले. त्यांची तीन पोरं याच शाळेत होती. यमू गायली, अक्षता पडल्या.

"लागलं! आय-बाचं लगीन लागलं!" त्यांची थोरली नाचायलाच लागली.

सरिताबाई थिजल्या. "म्हणजे आतापर्यंत...?"

"लगनाचं गावजेवण जमत नव्हतं, बाई," म्हादू लाजत म्हणाला. "आज शाळेत सगळ्या गावाला खिचडी हाय ना?"