दार उघडायचं नाही

सिपोरा सहाव्या मजल्यापर्यंतही पोचली नाही. जिन्यात धूर इतका दाट होता की मोबाइलच्या टॉर्चचा उजेड हाताच्या पलीकडे जाईना. तिला ठसका लागला, कठडा धरायला गेली आणि मोबाइल हातातून सुटला. खाली कुठेतरी आपटत गेला. पोटाला हात धरून ती मागे फिरली आणि चाचपडत सातव्या मजल्यावरच्या आपल्या दारात येऊन कोसळली.

सासऱ्यांनी तिला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"पप्पा, खाली जाताच येत नाही. माझा फोनपण पडला."

"पडू दे. तू आधी बस."

तिला आठवा महिना होता. नवरा, नाथन, बेलापूरला ऑफिसात. लाइट गेलेली, लिफ्ट बंद, खिडक्यांना ग्रिल. खाली सोसायटीच्या आवारात माणसं वर बघून ओरडत होती, पण काय ओरडतायत ते कळत नव्हतं.

"फायर ब्रिगेडला फोन करा ना, पप्पा!"

सासरे, सॅमसन झिराडकर, क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. "थांब. मी बोलून घेतो," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

अर्धवट लोटलेल्या दारातून तिला त्यांची पाठ दिसत होती. उजवा हात चेहऱ्याशी. आवाज दबका, पण स्वच्छ.

"सातव्या मजल्यावर आहोत. दोघंच. दोघं कसले, तिघं. सून गरोदर आहे. माझं राहू दे, माझं वय झालं. आधी ती... करता येईल ते सगळं करतो आम्ही. पुढचं काही माझ्या हातात नाही. फक्त उशीर नको."

ते बाहेर आले तेव्हा डोळे लाल झाले होते. आतल्या खोलीतही धूर पोचलाय, हे तिच्या लक्षात आलं.

"काय म्हणाले?"

"ऐकून घेतलं."

"येतायत ना?"

"आपण आपलं काम करायचं. दार उघडायचं नाही. जा, टॉवेल घेऊन ये, जेवढे असतील तेवढे."

बादलीतलं पाणी संपेपर्यंत दोघांनी टॉवेल, साड्या, पायपुसणी भिजवली आणि दाराच्या फटीत कोंबली. सिपोरानं हातातला टॉवेल मधेच सोडला. ती पुटपुटायला लागली, "एलियाहू हन्नाबी, मलिदा करीन, खंडाळ्याला येऊन मलिदा करीन..." अलिबागला आईच्या ज्यू घरात हेच बघत ती मोठी झाली होती; जवळच्या खंडाळ्याला एलियाहू संदेष्ट्याचं ठाण, तिथे गोड पोह्यांचा मलिदा ठेवायचा. संकट आलं की नवस बोलायचा आणि डोळे मिटून देवावर सोडायचं.

"बोल," सासरे म्हणाले. "पण हात चालू ठेव. आपले पूर्वज पाण्यात शिरले, तेव्हा समुद्र दुभंगला. काठावर बसून नाही."

तिला राग आला. हा माणूस नेहमी असाच. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालू असतानासुद्धा उठून पंखा बघायचा, नळ बंद करायचा. देवाला कामाला लावायचं नसतं, म्हणायचा. आता कपाटातली पिवळी चादर काढून ते ग्रिलमधून बाहेर सोडत होते, टोकाला गाठी मारत होते, जणू वाळवणच घालतायत.

तेवढ्यात दारावर धाडधाड थापा पडल्या.

"झिराडकर! निघा! आम्ही चाललो!" वरच्या मजल्यावरचे मधुकरभाऊ. मागे त्यांच्या बायकोचं, उज्वलाचं रडणं. मग पावलं, धावत खाली जाणारी.

सिपोरा कडीकडे झेपावली. सासरे मधे उभे राहिले.

"सरका, पप्पा! सगळे गेले! आपण इथे गुदमरून मरू!"

"नाही."

"माझं बाळ आहे! तुम्हाला काय..."

"सिपोरा." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. "माझ्यावर नको ठेवूस. पण मी ज्याच्याशी बोललो, त्याच्यावर तरी भरोसा ठेव."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. ह्या माणसानं कधी खोटा धीर दिलेला तिला आठवेना. पाहुण्यांना बस मिळेल का, हेसुद्धा ते खात्री असल्याशिवाय सांगत नसत. ते म्हणतायत म्हणजे गाडी निघालेली असणारच.

तिनं कडी सोडली.

दोघं खिडकीखाली जमिनीला लागून पडून राहिली, ओला पंचा तोंडाला लावून. दार गरम झालं. भिंतीत काहीतरी फुटल्यासारखे आवाज येत होते. बाळ हालेना. तिनं पोट दाबून पाहिलं, तरी हालेना. ती रडली, मग रडायलाही श्वास पुरेना. सासऱ्यांनी तिचा हात धरून ठेवला होता, इतका घट्ट की बोटं दुखत होती.

पुन्हा थापा. ह्या वेळी पाठोपाठ आवाज, मास्कमधून आल्यासारखा. "आत कोण आहे?"

जवानांनी दोघांना मास्क लावले आणि जिन्यानं खाली नेलं. पाचव्या मजल्यावर मधुकरभाऊ आणि उज्वला बेशुद्ध पडले होते. दुसरे जवान त्यांना उचलत होते.

खाली ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावल्यावर बाळानं लाथ मारली. सिपोरा हसली आणि लगेच हुंदके द्यायला लागली. एक अधिकारी डोकावला तेव्हा तिनं त्याला हात जोडले.

"तुम्ही आलात, साहेब. पप्पांचं तुमच्याशी बोलणं झालं होतं, म्हणून मी दार उघडलं नाही."

"माझ्याशी?" तो गोंधळला. "सातव्यावरून फोन नव्हता, ताई. वॉचमन सिताराम तर म्हणाला, तो मजला रिकामा झाला. चादर दिसली म्हणून माणसं वर पाठवली."

सिपोरानं सासऱ्यांकडे पाहिलं. ते पलीकडे पायरीवर बसले होते, मान खाली घालून.

गर्दीतून वाट काढत नाथन धावत आला. त्यानं तिला मिठी मारली, मग वडिलांना, मग पुन्हा तिला.

"किती वेळ तुझा नंबर लावतोय, लागतच नाही! आणि पप्पांना कुठे लावणार? त्यांचा फोन रिपेअरला टाकायला सकाळी मीच नाही का घेऊन गेलो!"