हाताला लागलेली गाठ

निवृत्त मुख्याध्यापिका मंदाकिनीबाईंचा खांदा चोळता चोळता सगुणाची बोटं काखेपाशी थबकली. सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागली होती.

"थांबलीस का गं?" पालथ्या पडलेल्या बाईंनी विचारलं.

"काही नाही," म्हणत सगुणानं मालिश कशीबशी उरकली. सांगावं, तर मालिशवालीनं डॉक्टरकी केल्यासारखं होणार. न सांगावं, तर थोरली बहीण डोळ्यांपुढे येत होती. ती अशाच गाठीनं गेली होती. सगुणा फाटकापर्यंत जाऊन दोनदा परत फिरली. शेवटी आत शिरलीच.

"बाई, रागावू नका. तुमच्या काखेत गाठ आहे. दवाखान्यात दाखवा."

बाईंनी चादर खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाल्या, "दिवाळीपासून माहीत आहे मला. कुणाला सांगितलं नाही. खांदा दुखतो म्हणून तुला बोलावते, पण खरं म्हणजे तुझा हात अंगावर असतो तेवढा वेळ तरी भीती वाटत नाही."

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, रागही आला. तिनं दांडीवरची साडी ओढून बाईंपुढे धरली. "नेसा. रिक्षा बोलावते मी."

"आत्ता?" उभी शाळा धाकात ठेवलेल्या बाईंनी लहान मुलीसारखं विचारलं.

"आत्ताच. आणि डॉक्टरांच्या खोलीत मी तुमच्याबरोबर येणार."