येतो म्हणणारी माणसं

निवडणुकीच्या दिवसांत घरात दहाच्या वर माणसं जमवायला बंदी होती. प्रत्येक दारावर बसवलेलं 'सरकारी कान' नावाचं यंत्र बोलण्यावरून कोण आलं, कोण गेलं ते मोजत असे. द्वारकाबाईंच्या दारावर आकडा झळकत होता एकोणीस.

"मावशी, एवढी माणसं लपवलीत कुठे?" हवालदार खैरनारांनी पलंगाखालीही वाकून पाहिलं.

तुरुंगाच्या धास्तीने द्वारकाबाई घाईघाईने म्हणाल्या, "एकटीच राहते हो मी. हळदीकुंकवाला बायका आल्या, पण एकेक करून येऊन गेल्या."

"जाताना काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? येते म्हणाल्या."

खैरनारांनी कपाळावर हात मारला. कानाने प्रत्येक 'येते' खरं मानून एकेक बाई आत मोजली होती. 'घरात बाई एकटीच' असा शेरा मारून ते चहा प्यायले आणि उठले.

"साहेब, तुम्ही तरी जातो म्हणा," द्वारकाबाईंनी हात जोडले.

दारात खैरनारांनी तोंड उघडलं, पण शब्द काही निघेना. "नाही हो मावशी, चहा प्यायलेल्या घरात असं अभद्र कसं बोलू? येतो."

दारावर वीसचा आकडा उमटला.

"या हं," द्वारकाबाई सवयीने म्हणाल्या, आणि दोघांनाही हसू आवरेना.