बहिणींची माती

धुळ्याच्या बसमधून उतरून बेबाबाई मळ्याच्या वाटेला लागल्या, तेव्हाच त्यांना माहेरच्या घराच्या धाब्यावर फावडं चालताना दिसलं. ऐन आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मातीच्या छतावर फावडं! त्यांनी पिशवी अंगणात टाकली आणि भिंतीच्या पोटातून जाणारा दगडी जिना तरातरा चढून गेल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण ती ऐकायला वेळ कुणाला होता?

वर भाऊ गिरधर आणि अय्युब मिस्तरी धाबं उकरत होते.

"गिरधर, हाई काय करी ऱ्हायना रे? बहिणीस्नी माती खणी ऱ्हायना?"

गिरधरचं फावडं थांबलं. बेबाअक्कांचा राग काही उगाच नव्हता. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींनी धाब्यावर खाऱ्या मातीच्या पाट्या टाकायच्या, म्हणजे पावसाळ्यात घर गळत नाही, ही या घरची रीत. आणि लेकींनी टाकलेली माती काढायची नाही, हीसुद्धा. आजोबांच्या बहिणीपासून, म्हणजे जिजाआत्यापासून, कुणी काढली नव्हती.

"अक्का, रागवा हवं तेवढं," अय्युब म्हणाला, "पण आधी घरात जाऊन तुळई बघून या."

बेबाबाई तणतणतच खाली गेल्या. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि आत पाऊल टाकताच अंगाला गारवा लागला. हात हात जाड मातीच्या भिंती, काळ्या दगडाचं जोतं, सातपुड्यातून बैलगाड्यांनी आणलेला साग. खांब आणि तुळया एकमेकांत अशा बसवलेल्या की लोखंडाचा एक खिळा शोधून सापडायचा नाही. आजोबांनी काय घर बांधून ठेवलंय, असं दर वर्षी त्यांच्या मनात यायचं आणि दर वर्षी ऊर भरून यायचा. आजही आला. मग त्यांनी मान वर केली.

मधली तुळई खाली वाकली होती. लहानपणी बांधलेल्या झोक्याच्या दोराने तिच्यावर खाच पडली होती, तिच्या शेजारीच एक चीर गेलेली दिसत होती.

"या पावसाळ्यात मोडणार ती, आत्या," मागून भाचा रुपचंद म्हणाला. "मी तर मशीन सांगून ठेवलंय. पाडू आणि सरळ स्लॅब टाकू. माणसं खाली सापडण्यापेक्षा ते बरं."

पोराचंही चुकत नव्हतं. तेवढ्यात धाब्याला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून अय्युबचं तोंड दिसलं.

"लाकूड अजून खणखणीत आहे, अक्का. नुसतं ओझ्यानं वाकलंय. निम्मी माती उतरवली की खालून एक टेकू लावून घर उभं राहील. पण तुमचे भाऊ सकाळपासून वरचा पापुद्राच खरवडताहेत. म्हणतात, बहिणी काय म्हणतील!"

बेबाबाई पुन्हा वर गेल्या, या वेळी सावकाश. अय्युबने एका कोपऱ्यात खोल खणलं होतं. तळाशी निंबाचा वाळका पाला, त्यावर आजोबांची काळी माती, मग जिजाआत्याचे पातळ, पांढरट थर. त्यावरचे सगळे जाड थर बेबाबाईंचे आणि त्यांच्या धाकट्या बहिणीचे. आई गेल्यावर बेबाबाई हट्टाने जास्तच पाट्या टाकायच्या, धाकट्या लताबाईशी चढाओढ करायच्या. घर जपायला टाकलेली ती माती घराच्याच उरावर बसली होती. त्यांना वाईट वाटलं, आणि इतकं सोसूनही उभ्या राहिलेल्या त्या घराचा अभिमानही वाटला.

गिरधर हळूच म्हणाला, "अक्का, तू नको म्हनी तर नको."

बेबाबाईंनी पदर खोचला आणि त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

"जिजाआत्यानी माती तशीच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "वरली बठ्ठी मन्ही नि लतानी शे. आन इकडे पाटी."