रिकामी अँप्यूल

उशीला रबरी नळी बांधून मी वसईच्या नर्सिंग होममध्ये नव्या मुलींना शिरेतून इंजेक्शन द्यायला शिकवायचे. शेवटच्या दिवशी प्रत्येकीच्या हातात भरलेली सिरिंज ठेवली. “चला, पटापट द्या.” पाच जणींनी निमूटपणे नळीत दिलं. उमेळ्याच्या विनिताने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. “सिस्टर, हे मी भरलेलं नाही. अँप्यूल दाखवा.” “माझ्यावर विश्वास नाही?” “आहे. तरी दाखवा.” मी खिशातली औषधाची रिकामी काचेची अँप्यूल दिली. ती मोठ्याने वाचू लागली, “पोटॅशियम.” थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं, हे सगळ्यांना पाठ होतं. “पाच पेशंट गेले,” मी म्हटलं. विनिता थांबली नव्हती. नावानंतर तारीख वाचायची, हेही मीच शिकवलं होतं. “सिस्टर, ही सत्याऐंशीची! नऊ वर्षं झाली.” “हो. तेव्हा यातलंच डॉक्टरांनी भरलेलं मीही पेशंटला निमूटपणे दिलं होतं.”